सात महिने घरातल्या भूकंपमापकासोबत

मे 2025 मध्ये पुण्यात भूकंपशास्त्राची माझी उन्हाळी इंटर्नशिप सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात सरांनी तळहातावर मावेल एवढा भूकंपमापक हातात ठेवला. आत 4.5 हर्ट्झचा जिओफोन, म्हणजे जमिनीची हालचाल टिपणारा सेन्सर, तोही फक्त वर-खाली हालचाल टिपणारा, जोडीला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, सेकंदाला 100 नमुने. जुलैअखेर काम संपलं, पण सर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच." प्रोजेक्टसाठी असं यंत्र घ्यायचा विचार असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

आधी जागेचं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते ठेवून मी आठवडा वाया घालवला. लिफ्ट चालली, वारा सुटला, की नोंदीची रेघ जाड. मग आजीच्या पेठेतल्या घरी हलवलं, तळमजल्यावर, जिन्याखालच्या शहाबादी फरशीवर. फरशी खालून पोकळ नाही ना, हे टिचकी मारून आधी बघा.

सरांनी बजावलं होतं, "पंधरा दिवस भूकंप शोधू नको. घरातलं काय काय दिसतं त्याची वही कर." तेव्हा हिरमोड झाला होता, पण सगळ्यात जास्त शिकले ते त्या वहीतून. सकाळी पाण्याचा पंप लागला की स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कोणत्या वेळी कोणती कंपनं किती जोरात हे दाखवणाऱ्या चित्रावर, 48 हर्ट्झच्या आसपास सरळ पट्टा. गतिरोधकावरून बस गेली की फुगीर, हळू विरणारा ठसा. आजी खलबत्त्यात दाण्याचं कूट करायला बसली की एकसारखे टोकदार ठोके, आणि माझा एसटीए-एलटीए ट्रिगर (थोड्या वेळाची सरासरी हालचाल लांब वेळाच्या सरासरीशी ताडून भूकंप ओळखणारा) प्रत्येक ठोक्याला भूकंप म्हणून उठणार! त्या सरासरींच्या वेळेच्या खिडक्यांची लांबी आणि फिल्टर बदलत बसले, तेव्हा कुठे ती गणितं अंगवळणी पडली.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. पुण्यापासून कोयनानगर सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटर. तिथले बारीक धक्के पेठेतल्या गोंगाटात मला वेगळे काढता आले नाहीत. गणपतीआधी ढोलांचा सराव सुरू झाला, तेव्हा संध्याकाळच्या नोंदी मी सरळ बाजूला ठेवल्या. एकच दिशा असल्यामुळे एस लहर, म्हणजे भूकंपाची मागून येणारी, मुख्यतः आडवं हलवणारी लहर, पकडायलाही त्रास होतो. झेपत असेल तर तीन दिशांचं यंत्र घ्या.

खरी तक्रार वेळेबद्दल. घड्याळ इंटरनेटवरून जुळतं. वायफाय गेलं की ते हळूहळू सरकतं, आणि वेळ चुकलेली नोंद भूकंपाच्या कामाला निरुपयोगी. सोबत आलेला अडॅप्टर जूनमध्येच गेला आणि लाइट गेल्यावर एकदा मेमरी कार्डही बिघडलं. चार दिवसांच्या नोंदी गेल्या, फार वाईट वाटलं. छोटा यूपीएस पहिल्याच दिवशी लावा.

30 जुलैला रशियातल्या कामचाटकाजवळ 8.8 चा भूकंप झाला, आपल्याकडे पहाटेचे 4:54. मी 30 तारखेची फाइल उघडली, तर काहीच नाही. मग लक्षात आलं, फाइल जागतिक वेळेची, म्हणजे साडेपाच तास मागे. 29 ची उघडली आणि आपल्या 5 वाजून 6 मिनिटांच्या जागी शांत रेघ अचानक दाट झालेली. आठ हजार किलोमीटरवरून साडेअकरा मिनिटांत आलेली, भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी पी लहर, आमच्या जिन्याखाली. हात थरथरत होते माझे.

आजीला ती रेघ दाखवली. ती मूळची कराडची. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा 6.3 चा भूकंप झाला, तेव्हा ती सात वर्षांची होती. म्हणाली, "आधी नुसती गडगड झाली गं, भांडी वाजली. हादरा मागून आला." मी वही पुढे ओढली. आधी पी, मग जास्त जोराची एस. जवळच्या भूकंपाला दोन्हींमधल्या सेकंदांना आठाने गुणलं की अंदाजे किलोमीटर मिळतात. कोयना ते कराड साधारण 45 किलोमीटर, म्हणजे मधे साडेपाच सेकंद. मी मोबाइलवर तेवढे सेकंद मोजून दाखवले.

आजी म्हणाली, "हो, एवढ्यातच आईनं पाळण्यातल्या बाळाला उचललं होतं."