माशीच्या कानावरून बेतलेला माइक: कडेचं गाळतो झकास, खर्जात मात्र खरखर

नखावर मावेल एवढा माइक दिशा ओळखतो म्हटल्यावर मी आधी नाकच मुरडलं. साध्या मेम्स माइकला (म्हणजे सिलिकॉन चिपवर कोरलेल्या इवल्या माइकला) एकच भोक, त्यामुळे तो चहूकडचं सारखंच ऐकतो. दिशा हवी तर दोन माइक लावून वजाबाकी करायची. पण ते अगदी जवळजवळ असले की वजाबाकीतून हाती फारसं काही उरत नाही आणि खरखर मात्र दोघांची मिळून येते.

इथे युक्ती ऑर्मिया ऑक्रेशिया या माशीची आहे. रातकिड्याच्या आवाजावरून ती त्याला गाठते आणि त्याच्यावर अळ्या सोडते. तिच्या कानाच्या पडद्यांत अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे आवाज दोन्हीकडे पोचण्यातला फरक फार तर दीड मायक्रोसेकंद. पण पडदे एका ताठ पुलाने जोडलेले आहेत. तो सी-सॉसारखा झुलतो आणि पडद्यांच्या हालचालीतला फरक पन्नासेक मायक्रोसेकंदांवर जातो. माइल्स, रॉबर्ट आणि हॉय या संशोधकांनी १९९५ साली हे गणितासकट मांडलं. माइकमध्ये तेच काम सिलिकॉनची झुलती पट्टी करते.

मी मुलाखती रेकॉर्ड करतो. बोलणारा समोर बसवला, टेबलफॅन बरोबर काटकोनात ठेवला. घरघर जवळजवळ गेलीच. भिंतीवरून परतून येणारी तेवढी राहिली. माइक किंचित फिरवला की पंखा पुन्हा हजर. म्हणून हा माइक बोलणाऱ्याकडे रोखण्यापेक्षा कटकटीकडे कड करून ठेवावा. मागचंही समोरच्याइतकंच ऐकतो, हे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत आहे! पाठीमागे कीबोर्ड बडवणारा असेल तर तोही मुलाखतीत येतो.

खरी कुरकुर खर्जाची. लांबून येणारा आवाज दर सप्तक खाली सहा डेसिबलने पडतो. तो भरून काढायला इक्वलायझरने (सूर कमीजास्त करणाऱ्या सोयीने) खर्ज चढवला की खालची खरखरही वर येते. माशीला याचं काय? तिचा रातकिडा पाच किलोहर्ट्झच्या आसपास गातो. माझा पाहुणा भारदस्त आवाजाचा होता. हातभर अंतरावर खरखर स्पष्ट ऐकू आली. वीतभर जवळ आणल्यावर खर्ज आपसूक फुगला आणि काम भागलं, पण मग श्वासाचे फटके.

पुढची-मागची दोन्ही भोकं मोकळी लागतात. डबीच्या तळाला चिकटवलात तर दिशा विसरा. जवळून बोलायच्या हेडसेटसाठी जरूर घ्या, बैठकीच्या टेबलासाठी नको. श्वासाचे फटके अडवायला फोमची टोपी वेगळी आणावी लागते.