स्लॉट डायवर नऊ महिने: बीओपीपी टेपच्या कोटिंगचा अनुभव

वसईला आमचं पॅकिंग टेपचं छोटं युनिट आहे. सोळा वर्षं आम्ही वायर रॉडने, म्हणजे तार गुंडाळलेल्या दांड्याने, फिल्मवर गम लावला. गेल्या दिवाळीनंतर त्याच लाइनवर स्लॉट डाय, म्हणजे अरुंद फटीतून फिल्मवर गम सोडणारा साचा, बसवला. घेण्याआधी रोज वापरणाऱ्या कुणाशी तरी बोलायची फार इच्छा होती, पण तसं कुणी सापडलं नाही. म्हणून नऊ महिन्यांनंतर हे सविस्तर लिहितोय.

आमचं काम असं: २३ मायक्रॉन बीओपीपी (ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची) फिल्म, रुंदी १.३ मीटर, वेग मिनिटाला ६० मीटर, पाण्यातला अ‍ॅक्रिलिक गम, सॉलिड्स (वाळल्यावर उरणारा भाग) ५२ टक्के.

रॉडचा हिशोब सोपा. तारेच्या जाडीच्या साधारण एक दशांश ओला थर राहतो. ०.४ मिमी तार घेतली की ओला थर ४० मायक्रॉन आणि वाळल्यावर २० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. रॉड स्वस्त पडतो, दहा मिनिटांत बदलता येतो, आणि गममध्ये बारीक कचरा असला तरी फिरता रॉड तो पुढे ढकलून देतो. पण तार झिजली की तिच्या खाचा उथळ होतात आणि थर हळूहळू उतरतो. मधला तुकडा आणि कडेचा तुकडा यांत आमच्याकडे दोन-दोन जीएसएमचा फरक यायचा. ग्राहकाला १८च्या खाली चालत नाही, त्यामुळे आम्ही २१ धरूनच चालायचो.

डायमध्ये पंप जेवढा गम देईल तेवढाच फिल्मवर बसतो, आणि पंप लाइनच्या वेगाशी जोडलेला असतो. बसवल्यानंतर दहा बाय दहा सेंटिमीटरचे तुकडे कापून वजन केलं, तर रुंदीभर फरक अर्ध्या जीएसएमच्या आत. ते आकडे बघून मी दोनदा काटा तपासला. आता आम्ही १९ वर चालतो. दिवसाला ५०,००० चौरस मीटर माल निघाला तर दोन जीएसएम म्हणजे १०० किलो कोरडा गम, ड्रममधला जवळजवळ १९० किलो. डाय घ्यायचं खरं कारण हेच.

दुसऱ्या महिन्यात मात्र रेघा सुरू झाल्या. लिपमध्ये, म्हणजे डायच्या फटीच्या कडेत, एक कण अडकला की मागे किलोमीटरभर सरळ रेघ जाते आणि जंबो रोल (कापण्याआधीचा मोठा रोल) बाद होतो. आठवडाभर आम्ही फिल्टरच बदलत बसलो. शेवटी आमच्या ऑपरेटरने पंपाच्या आधीचा आणि नंतरचा गम काचेवर पसरून पाहिला. आधीचा स्वच्छ होता, नंतरच्यात रवा. डायसोबत आलेला पंप गिअरचा होता. गिअरच्या दातांत इमल्शन (पाण्यात गमचे बारीक कण असलेला आमचा गम) रगडलं जाऊन फुटत होतं. मोनो पंप (स्क्रूसारख्या रोटरने गम हळुवार पुढे सरकवणारा) लावला आणि रवा थांबला. इमल्शन वापरणार असाल तर हे खरेदीच्या वेळीच पक्कं करून घ्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

फेसाचंही तसंच. रॉडवर बुडबुडे फुटून जायचे, डायमध्ये ते थेट फिल्मवर येतात. आता ढवळलेला गम रात्रभर शांत ठेवतो. लिप साफ करायला फक्त प्लॅस्टिकची पट्टी. एकदा एका हेल्परने वाळलेला गम स्टीलच्या पातीने खरवडला, लिपला केसाएवढी खाच पडली. डाय ग्राइंडिंगला पाठवावा लागला आणि पंधरा दिवस पुन्हा रॉडवर काढले. चूक त्या मुलाची नव्हती, त्याला शिकवायचं काम माझं होतं.

पावसाळ्यात खरी परीक्षा ओव्हनची झाली. १९ जीएसएम कोरड्या थरासोबत दर चौरस मीटरला साडेसतरा ग्रॅम पाणी येतं. आमच्या वेगाला ताशी ८२ किलो पाणी उडवावं लागतं, आणि तेवढंच टोल्युइन (सॉल्व्हंटवाल्या गममधलं द्रावक) उडवायला लागेल त्याच्या सुमारे सहापट उष्णता पाण्याला लागते. जुलैत ओव्हन बाहेरची दमट हवा ओढत होता आणि टेप दुधट निघू लागली. पहिल्या झोनचं तापमान चढवलं तर वर साल धरते, खालचं पाणी बुडबुडे काढतं. शिवाय बीओपीपी आकसते. म्हणून एक्झॉस्ट जास्त उघडला, मधला झोन थोडा वाढवला आणि वेग ४८ वर आणला. उत्पादन घटलं, पण माल परत आला नाही. यात कोटिंगच्या पद्धतीचा दोष नाही, ओव्हन आमचाच अपुरा आहे. डायवर खर्च करण्याआधी तुमच्या ओव्हनची क्षमता काढा, असं मी कळकळीने सांगेन.

कॉमा कोटरचाही (रोलर आणि पातीमधल्या फटीतून गम पसरवणारं यंत्र) विचार केला होता. त्याला दाट गम लागतो आणि थर फटीवर ठरतो; इतक्या पातळ थरात रोलरचा जरासा लंगडेपणाही वजनात उतरतो. आमच्या कामाला तो बसला नाही.

दिवसभर एकाच रुंदीचा माल असेल तर डाय जरूर घ्या. रुंदी बदलायची म्हणजे डाय उघडून शिम (फट किती रुंद ते ठरवणारी पातळ पट्टी) बदलावा लागतो, यात आमचे दोन तास जातात. त्यामुळे लेबल पेपरच्या छोट्या ऑर्डरींसाठी जुना रॉड स्टँड अजून लाइनवर आहे आणि दर शनिवारी तो चालतो.