वर्गात कालरेषा: भिंतीवरची दोरी, वहीतली पट्टी की स्क्रीन?

यंदा कालरेषा वापरायची हे ठरलंय, पण भिंतीवर दोरी बांधायची, वहीत आखून घ्यायची की सरळ प्रोजेक्टरवर दाखवायची यात अडकला असाल तर माझं मत आधीच सांगते. पाचवी ते आठवीला आणि हक्काची भिंत असेल तर दोरी, भिंत नसेल तर वही, आणि स्क्रीन या दोघांच्या मदतीला. तिन्हीत एका गोष्टीवर मात्र अडून बसा, ती म्हणजे स्केल. दुकानातल्या रेडीमेड चार्टवर सगळे चौकोन सारख्या अंतरावर असतात, त्यातून क्रम कळतो, अंतर कळत नाही, आणि मुलांचं अडतं ते अंतरापाशीच. पुस्तकात दोन धडे शेजारी आले की त्यांना त्या घटनाही लागोपाठच्या वाटतात, 1674 चा राज्याभिषेक आणि 1818 ला पेशवाईचा शेवट यात 144 वर्षं गेली हे नुसतं सांगून डोक्यात बसत नाही.

आता दोरी. सुतळी, कपड्यांचे चिमटे, कार्डशीटचे तुकडे आणि एक मीटर टेप, एवढंच सामान. 1 वर्ष म्हणजे 1 सेंमी धरा. आपल्या मुंबईचीच कालरेषा घ्यायची तर 1534 पासून, म्हणजे वसईच्या तहात बेटं पोर्तुगिजांकडे गेली तिथपासून, 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं तिथपर्यंत 4 मीटर 26 सेंमी होतात, एका भिंतीत आरामात बसतं. मग 1668 लावा, ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई वर्षाला 10 पौंड भाड्याने मिळाली ते, 1739 लावा, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली ते, इथपर्यंत कार्डं कशी लांब लांब लटकतात. आणि मग 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी, 1854 ला पहिल्या कापड गिरणीची कंपनी, 1857 ला विद्यापीठ, 1869 ला सुएझ कालवा, हे सगळं 16 सेंमीत! कार्डं एकमेकांवर चढतात, खाली खाली लटकवावी लागतात आणि "इथेच एवढी गर्दी का?" हे कुणीतरी विचारतंच. धडा खरा तिथे सुरू होतो.

त्याच दोरीखाली दुसरी दोरी बांधता येते, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. खालच्या दोरीवर 1861 ते 1865 अमेरिकेतलं यादवी युद्ध एका रंगीत रिबिनीने दाखवा. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला, मुंबईत पैसा खेळायला लागला, आणि 1865 ला युद्ध संपलं तसा बाजार कोसळला. वरच्या दोरीकडे आणि खालच्या दोरीकडे बघत बघत मुलं हे स्वतः जोडतात, तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही. रिबीन आणखी एका कामाला येते, गिरण्यांचा काळ दाखवायला. 1982 चा संप नुसत्या एका कार्डावर लिहिला तर गिरण्या एका दिवसात बंद पडल्या असंच वाटतं, म्हणून दोरी थोडी पुढे वाढवा आणि रिबीन संपाच्या पुढेही जाऊ दे.

अजून एक करून बघा. नालासोपारा स्टेशनचं नाव सगळ्या मुलांना माहीत असतं, पण सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडलेत आणि तो काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाचा, हे माहीत नसतं. याच स्केलने ते कार्ड 1534 च्या मागे जवळजवळ 18 मीटरवर जातं, म्हणजे वर्गाबाहेर, पॅसेजमध्ये. एका मुलाला कार्ड घेऊन तिथे उभं करा, बाकीच्यांना दारातून बघू द्या.

तोटे आहेतच. दोन शिफ्टची शाळा असेल तर दुपारच्या वर्गात दोरी टिकेल याची खात्री नाही. पावसाळ्यात कागद दमट होऊन गुंडाळतो आणि सेलोटेप भिंत सोडते, त्यामुळे चिमटेच वापरा. आणि रिकाम्या दोरीबद्दल बोलायला विसरू नका, कार्ड नाही म्हणजे काही घडलं नाही असा अर्थ मुलं काढतात, तेव्हा तिथे कोळीवाडे होते, माणसं मासेमारी करून जगत होती हे सांगावंच लागतं.

वहीतली पट्टी छोट्या काळासाठी दोरीपेक्षाही चांगली. चौथी किंवा सातवीला शिवाजी महाराजांचा काळ घ्या, 1630 ते 1680, 1 वर्षाला 3 मिमी धरलं की बरोबर 15 सेंमी, नेहमीच्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढी. राज्याभिषेक 13.2 सेंमीवर येतो आणि पुढे उरतात 1.8 सेंमी. राज्याभिषेकानंतर महाराजांना जेमतेम सहा वर्षं मिळाली हे मुलं स्वतःच्या हाताने आखतात तेव्हा क्षणभर थांबतात, हे मी दरवर्षी बघते. शिवाय वही घरी जाते, उजळणी होते. तोटा म्हणजे प्रत्येकाची रेघ तपासायला वेळ जातो, आणि मोठा काळ एका पानात कोंबला की स्केलचाच बळी जातो.

स्क्रीनवर फोटो, नकाशे, झूम सगळं मिळतं, हडप्पापासून आजपर्यंत एका बोटाने सरकता येतं. पण पुढची स्लाइड आली की मागची गेली, आणि दोन घटनांमधलं अंतर एका नजरेत बघायचं होतं तेच हातातून निसटतं. म्हणून 1853 चं कार्ड दोरीवर लावल्यावर बोरीबंदरचा जुना फोटो दाखवायला स्क्रीन घ्या, कालरेषा म्हणून नको.

आठवीला आधुनिक भारत असतो, तिथे दोरी आणि समांतर दोरी. नववीला 1960 नंतरचा काळ, तिथे वही पुरते, 1 वर्षाला 3 मिमीने 40 वर्षं 12 सेंमीत येतात. आणि पहिल्याच वर्षी सगळे वर्ग अंगावर घेऊ नका, एकाच वर्गात एक दोरी लावा आणि कार्डं मुलांकडूनच लिहून घ्या.