वेचणी ते पेरणी: विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड वापरल्यानंतरचा अनुभव

माझा डावा हात कोपरापासून नाही, सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेला, आणि उजव्याची बोटं पूर्ण वळत नाहीत, पण माऊस पकडता येते. दारव्हा तालुक्यात गावातच बसून बचत गटाचे हिशेब, लोकांचे पीकविम्याचे अन् बाकीचे अर्ज, हेच काम. कापूस वेचणीच्या टायमाला हा ऑन-स्क्रीन कीबोर्ड, म्हणजे पडद्यावर दिसणारा अन् माऊसने कळा दाबायचा कीबोर्ड, सुरू केला, आता पेरण्या आटोपल्या, रोज वापरतो म्हणून लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, विंडोजमधे असे दोन कीबोर्ड आहेत अन् लोक घोळ करतात. टास्कबारवर जो येतो तो टच कीबोर्ड, तो बोटाने दाबायच्या स्क्रीनसाठी. माऊसवाल्यांनी दुसरा घ्यायचा, ऑन-स्क्रीन कीबोर्ड. विंडोज, कंट्रोल अन् ओ दाबलं की येते, पण ज्याला तीन बटणं एकदम दाबता आली असती त्याला हा कीबोर्ड कायले पाहिजे होता बाप्पा! म्हणून सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, तिथून चालू करा. लॉगिनच्या स्क्रीनवरही कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असते, पासवर्डसाठी तिथूनच काढता येतो.

जसा येतो तसा वापराल तर दोन दिवसात सोडून द्याल. कळा बारीक, माऊस सटकते, अर्जातला खालचा रकाना झाकून जाते. मी आधी कोपरा ओढून कीबोर्ड मोठा केला, अक्षरंही सोबत मोठी होतात, मग डॉक दाबून खाली बसवला म्हणजे बाकीची खिडकी आपोआप वर सरकते. फेड नावाचं बटण आहे, त्याने तो फिका होतो अन् मागचं दिसते, पण उन्हाळ्यात ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलं की फिकं-बिकं काही कळत नाही. खरा फरक मात्र माऊसच्या सेटिंगने पडला, पॉइंटरचा स्पीड बराच कमी केला अन् त्याच्या खालचं पॉइंटर प्रिसिजनवालं टिक काढलं, तेव्हा कुठे बाण हवा त्या अक्षरावर थांबायला लागला. हे कोणी सांगत नाही, सगळे कीबोर्डच्याच ऑप्शनमधे खेळत बसतात.

ऑप्शनमधे तीन पद्धती आहेत. क्लिक करून, नुसतं कळीवर थांबून, किंवा स्कॅन, त्यात कीबोर्ड स्वतःच एकेक भाग उजळत जातो अन् आपण एकच बटण दाबून निवडायचं. ज्याला एकच हालचाल जमते त्याच्यासाठी स्कॅन लय कामाची चीज आहे, मला मात्र त्याची वाट पाहवत नाही. हात दुखला की मी थांबून टायपिंग करतो, वेळेचा स्लायडर थोडा जास्तीकडे ठेवून, कारण कमी ठेवला अन् कोणी दारातून हाक मारली की मान वळवेपर्यंत भलतंच अक्षर पडून जाते.

आता मराठी. भाषेमधे मराठी टाकली की हाच कीबोर्ड इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीची, अक्षरं दाखवतो अन् इथेच तो मला आवडला, कारण पाठ काहीच करायचं नाही, समोर दिसते ते दाबायचं. बोलतो तसंच लिहायचं, विमा म्हणजे व, मग वेलांटी, मग म, मग काना. शिफ्टवर एक क्लिक केला की क चा ख होतो, ग चा घ, अन् एक अक्षर पडलं की शिफ्ट आपोआप सुटते, धरून ठेवायची भानगड नाही. ‘शेतकऱ्याचा’ लिहितानी शिफ्टमधला ऱ, मग हलंत, मग य. एवढ्या एका शब्दाला क्लिकच क्लिक लागतात अन् पुढचा शब्द सुचवणारी सोय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा मोजक्याच भाषांत आहे, मराठीत नाही. हा माझा सगळ्यात मोठा राग. अन् कोणी कृतिदेवमधली जुनी फाईल दुरुस्त करायला आणली तर मी सरळ परत करतो, तो फॉन्ट इंग्रजी कळांवर चालते म्हणून पडद्यावर ए बी सी डीच दिसते, आपण कुठवर आठवायचं.

यावर जुगाड सापडला तो क्लिपबोर्ड हिस्टरीचा, म्हणजे आधी कॉपी केलेल्या मजकुराची यादी. सेटिंगमधे ती चालू करायची, मग गावाचा पत्ता, ‘अर्जदार शेतकरी असून’ वगैरे नेहमीची वाक्यं एकदा कॉपी करून पिन करून ठेवायची, लॅपटॉप बंद केला तरी राहतात. पाहिजे तेव्हा विंडोजची कळ अन् मग व्ही, मराठी लावली असेल तर व्हीच्या जागी ‘न’ हे अक्षर दिसेल, तेच दाबा. बाजूचा पोट्टा म्हणते काका तुम्ही तर माझ्याहून फास्ट झाले, तसं काही नाही, पण अर्जाला लागणारा वेळ खरंच बराच उतरला.

कमी काय आहे तर कळा इकडच्या तिकडे करता येत नाहीत, स्वतःचं बटण बनवता येत नाही. मॅकमधे पॅनल एडिटरने हे होते, पण तेवढे पैसे कोणाजवळ आहेत राजेहो. उबुंटूमधे, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टीममधे, ऑनबोर्ड नावाचा फुकट कीबोर्ड आहे, त्यात स्निपेट्स म्हणून तयार वाक्यांची बटणंच ठेवता येतात. भाच्याचा जुना डेस्कटॉप पडून आहे, त्यावर तो टाकून पाहणार आहे, कोणी मराठीत वापरत असेल तर सांगा.