मागच्या सीटवरून कळलेल्या दोन गाड्या: व्ही-स्ट्रॉम ६५० आणि आर १२५० आरटी, दीर्घ वापरानंतर

सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० ही मोटरसायकल माझ्याकडे चार वर्षं आहे, ४१,००० किलोमीटर झालेत. बीएमडब्ल्यू आर १२५० आरटी घेऊन चौदा महिने झाले, तिचे १९,००० झालेत. दोन्हींवर मी एकटा लांब गेलोय आणि बायकोला मागे बसवूनही गेलोय. यातली कुठली घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, वर्षातले किती किलोमीटर मागे कोणी बसणार आहे? त्या आकड्यावर बाकी सगळं ठरतं.

एकट्यासाठी व्ही-स्ट्रॉम मला आजही जास्त आवडते, हे आधीच सांगून टाकतो. ६४५ सीसीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडर व्ही आकारात) इंजिन, सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर, २० लिटरची टाकी. माझ्या हातात लिटरला २२ किलोमीटर पडतात, म्हणजे चारशेच्या आत पंप शोधावा लागत नाही. इंजिन खालून ओढतं, वळणावर चुकीचा गिअर असला तरी सांभाळून घेतं. पार्किंगमध्ये ढकलताना दम लागत नाही, कच्चा रस्ता आला तर पोटात गोळा येत नाही. एकट्याने सकाळी निघून संध्याकाळपर्यंत ६०० किलोमीटर कापले आणि उतरल्यावर पाठ सरळ होती, असं अनेकदा झालंय.

मागे माणूस बसलं की तीच गाडी वेगळी होते. वजन मागे आणि वर सरकतं, मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचं चाक हलकं होतं. हँडल वळणात आधी रेंगाळतं, मग एकदम आत पडल्यासारखं वाटतं. हेडलाइट वर उचलला जातो, समोरचे डिपर मारायला लागतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं की दोघांनी जायचं म्हणजे हे असंच चालायचं. सीटखाली बाजूला प्रीलोडचा, म्हणजे मागची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारा, काळा नॉब आहे, तो हाताने फिरतो, पाना लागत नाही. तो नॉब मी वर्षभर फिरवलाच नव्हता! दोघं आणि सामान असताना तो बराच आत घेतला, मागच्या टायरची हवा ३६ वरून ४१ पीएसआय केली, तेव्हा अर्धी तक्रार तिथेच मिटली. चेनचा ढिलेपणाही दोघं बसून एकदा बघून घ्या. सस्पेन्शन बसतं तशी चेन ताणली जाते, रिकाम्या गाडीवर घट्ट ठेवलेली चेन वजनाखाली फार घट्ट होते.

पण दुसऱ्या तासानंतर बायकोची चुळबुळ सुरू व्हायची, ती काही थांबेना. मी वेगळी सीट बनवून घेतली, जेल भरलेली. दुकानात बोटाने दाबली तर लोण्यासारखी. शंभर किलोमीटरनंतर ते जेल बाजूला सरकायचं आणि खालचा कडक भाग थेट हाडाला लागायचा. सहा आठवड्यांत ती काढली. मग घट्ट फोमची, मागे जरा रुंद केलेली सीट बसवली. हातानं दाबून कडक वाटते तीच चार तास टिकते.

मग एका रविवारी तिनेच सुचवलं, "तू बस मागे, मी चालवते." ती व्ही-स्ट्रॉम चांगली चालवते. नव्वद किलोमीटर मी मागे बसलो, आणि चार वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या दीड तासात कळलं.

मागच्याला पुढचं काही दिसत नाही. ब्रेक कधी लागणार, गिअर कधी पडणार, खड्डा कधी येणार, काहीच आधी कळत नाही. चालवणारा हँडलला धरून असतो, मागचा नुसता बसलेला असतो. प्रत्येक गिअरला मान पुढे-मागे होते. ब्रेक लागला की पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या दोन नळ्या, दबतो, सीट पुढे कलते, आपण घसरतो आणि हेल्मेटवर हेल्मेट आपटतं. शिवाय मागची सीट उंच असते, त्यामुळे पुढच्याच्या डोक्यावरून गेलेला वारा नेमका मागच्याच्या हेल्मेटवर येऊन थडथडतो. माझ्यासाठी शांत असलेली विंडस्क्रीन तिच्यासाठी कधीच शांत नव्हती. दीड तासात माझे गुडघे आखडले आणि मान दुखायला लागली. घरी आल्यावर मी तिला आधी सॉरी म्हटलं.

आरटी घ्यायच्या आधी म्हणूनच मी ट्रायलला मागे बसलो. चालवली मित्राने.

कागदावर १२५४ सीसीचं बॉक्सर (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे) इंजिन, १३६ हॉर्सपॉवर, १४३ न्यूटन-मीटर टॉर्क, हे सगळं आहे आणि त्याचा उपयोगही आहे. भरल्या गाडीने ट्रकला ओलांडताना व्ही-स्ट्रॉमला मी दोन गिअर खाली आणतो, आरटीला नुसता ॲक्सिलरेटर पुरतो. गिअर कमी बदलले की मागची मानही कमी हलते. पण मागच्या सीटसाठी खरी किमया टेलिलिव्हरची, म्हणजे आरटीच्या पुढच्या सस्पेन्शनची आहे. साध्या फोर्कमध्ये ब्रेकचा जोर आणि रस्त्याचे धक्के दोन्ही त्याच नळ्यांवर येतात. टेलिलिव्हरमध्ये इंजिनाकडून पुढे आलेला एक आडवा आर्म ब्रेकचा जोर चेसीकडे नेतो, आणि स्प्रिंगकडे मुख्यतः धक्के सोसायचं काम उरतं. त्यामुळे जोरात ब्रेक लावला तरी पुढचा भाग फारसा दबत नाही, गाडी सपाट राहून थांबते. चौदा महिन्यांत आमची हेल्मेटं एकमेकांवर आपटल्याचं मला आठवत नाही. चालवणाऱ्याला हँडलमधून रस्ता थोडा कमी जाणवतो, हे खरं. एकटा घाटात असलो की मला ते खटकतं. ती मागे असली की त्याची आठवणही होत नाही.

विंडस्क्रीन बटणावर वर-खाली होते. सुरुवातीला मी ती पूर्ण वर ठेवायचो, जास्तीत जास्त संरक्षण म्हणून. बायको म्हणाली, "पाठीवर कोणी हात ठेवून ढकलतंय असं वाटतं." स्क्रीन फार उंच केली की स्क्रीनच्या मागे हवा विरळ होते आणि पाठीमागची हवा दोघांना पुढे रेटते. आता मी वरून हळूहळू खाली आणतो आणि योग्य जागा आली की ती खांद्यावर दोनदा टिचकी मारते. ती जागा वेगाप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे बदलते, म्हणून दिवसातून सात-आठदा तरी ही टिचकी होतेच.

वजनाचा हिशेब कागदावर करा, बहुतेक लोक करत नाहीत. आरटीचं भरल्या टाकीसह वजन २७९ किलो आणि मान्य एकूण वजन ५०५, म्हणजे भार २२६ किलो. मी ८२, ती ६४, दोघांचं हेल्मेट-जॅकेट-बूट १६, पेट्यांसकट सामान ४५, एकूण २०७. एवढी मोठी गाडी, आणि उरले १९ किलो. हा हिशेब झाल्यावर आमची एक बॅग घरीच राहिली.

याच वजनाने एकदा मला खाली आणलं. उतारावर थांबलो, हँडल किंचित वळलेलं, डाव्या पायाखाली बारीक खडी. पाय सरकला आणि गाडी गेली. वेग शून्य होता, बायको आधीच उतरली होती, आणि बॉक्सरचा बाजूला आलेला सिलिंडर टेकल्यामुळे गाडी पूर्ण आडवी झाली नाही, पाय अडकला नाही. तरी ती उचलायला दोघं लागलो, गिअरमध्ये टाकून, पाठ सीटला लावून, पायांच्या जोराने. तेव्हापासून थांबायची जागा मी वीस मीटर आधी नजरेने तपासतो. व्ही-स्ट्रॉमवर हा विचार कधी करावा लागला नव्हता.

चेन आणि शाफ्टबद्दल फार लिहीत नाही. मुक्कामाला पोचल्यावर अंधारात, पावसात भिजलेल्या चेनला तेल लावणं मला आवडत नाही, आरटीवर चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, मागचं चाक फिरवतो, म्हणून ते नाही. फायनल ड्राइव्हचं, म्हणजे शाफ्टच्या टोकाला चाकाजवळ असलेल्या गिअरपेटीचं, तेल वेळेवर बदलून घ्यायचं, एवढंच.

होंडा गोल्ड विंग टूरच्या मागच्या सीटवरही एक दिवस बसलो. १८३३ सीसी, सहा सिलिंडर, रिव्हर्सची सोय, पाठीला खुर्चीसारखा टेका. मागे बसणाऱ्यासाठी मी अनुभवलेली सर्वांत आरामाची जागा तीच. पण तिचं वजन ३८० किलोच्या आसपास आहे आणि माझे निम्मे प्रवास एकट्याचे आहेत. ज्यांचे जवळजवळ सगळेच प्रवास दोघांचे आहेत त्यांनी ती नक्की बघावी.

माझ्यासारखे निम्मे-निम्मे प्रवास असतील आणि एकच गाडी ठेवायची असेल, तर मी आरटी ठेवेन. तिच्यावर एकट्याचा प्रवास थोडा जड होतो, पण होतो. व्ही-स्ट्रॉमवर दोघांचा प्रवास तीनशे किलोमीटरपर्यंत छान होतो, पुढचे शंभर मागच्याने सोसायचे असतात. वर्षातून दोनच वेळा दोघं जाणार असाल तर मोठ्या गाडीच्या मागे लागू नका. सीट, प्रीलोड आणि विंडस्क्रीन नीट करून घ्या, आणि दर तासाला थांबा.

व्ही-स्ट्रॉम विकायचा विचार होता, तो बायकोने मोडून काढला. ती आता तिची गाडी आहे. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच आम्ही दोन गाड्यांवर निघतोय, ती पुढे, मी मागे. नॉब तिने स्वतःच एकटीच्या वजनाला उलटा फिरवून ठेवलाय.