बोगद्याच्या छतातले बोल्ट: रेझिन की सिमेंट?

बोगद्याचं छत सुटू नये म्हणून खडकात भोकं पाडून त्यात बोल्ट बसवतात. २५ मि.मी.ची सळई, ३ मीटर लांबी, प्लेट आणि नट, इथवर कुणाचाच वाद नसतो. वाद असतो तो ती सळई भोकात कशाने धरून ठेवायची यावर. एकीकडे रेझिनच्या कॅप्सूल, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर भरलेल्या प्लॅस्टिकच्या पुंगळ्या, ज्या भोकात सळई फिरवली की फुटून मिसळतात. दुसरीकडे सिमेंटचं ग्राउट, म्हणजे भोकात पंपाने भरायचं सिमेंट-पाण्याचं दाट मिश्रण. खेड, चिपळूण, राजापूर पट्ट्यात बेसॉल्टमधून बोगदा काढणाऱ्यांनी कोणतं घ्यावं, त्याबद्दल हे लिहितोय. दोन्हींनी काम भागतं आणि दोन्ही निवडणारी जाणती माणसं आहेत, हे आधीच मान्य करतो.

रेझिनची मोठी जमेची बाजू म्हणजे वेळ. फास्ट कॅप्सूल अर्ध्या मिनिटाच्या आसपास धरते. भोकाच्या टोकाला फास्ट आणि तोंडाकडे स्लो अशा कॅप्सूल भरल्या, तर टोक धरल्याबरोबर नट आवळून बोल्टला ताण देता येतो आणि मग उरलेलं रेझिन सावकाश घट्ट होतं. ब्लास्टनंतर फेसजवळचं, म्हणजे खोदकाम चालू असलेल्या टोकाजवळचं, छत तडतडत असताना ही सोय सोन्याच्या मोलाची आहे.

खाणवाले रेझिनला का पसंती देतात, तेही यावरून कळतं. दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गच्या आसपासच्या प्लॅटिनम खाणी पाहा. तिथल्या यूजी-टू या प्लॅटिनमच्या थराच्या वरच्या पायरॉक्सेनाइट खडकात क्रोमाइट खनिजाच्या पातळ पट्ट्या आडव्या पसरलेल्या असतात. खडक या पट्ट्यांवर सुटतो, उभ्या सांध्यांनी त्याचे ठोकळे पडतात आणि आधार नसेल तर अख्खी लादी खाली येते. कामाच्या जागेची उंची जेमतेम मीटरभर, माणूस वाकून किंवा गुडघ्यावर काम करतो. ब्लास्टनंतर माणसं पुन्हा आत जायची, तर छत त्याच पाळीत बांधलेलं हवं. शिवाय फेस पुढे सरकला की मागची जागा काही महिन्यांत सोडून दिली जाते. अशा ठिकाणी रेझिनच योग्य.

आपल्या बोगद्याला मात्र मागची जागा सोडून देण्याची मुभा नाही. कोकण रेल्वेची पूर्ण लाइन १९९८ साली सुरू झाली आणि करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्यातून आजही रोज गाड्या जातात. म्हणजे बोल्ट कित्येक दशकं टिकायला हवा, तोही दर पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या खडकात.

क्रोमाइटच्या पट्टीचं काम आपल्याकडे रेड बोल करतो. लाव्हाच्या दोन थरांमधला हा तांबडा, मातकट पट्टा कुठे चार बोटं जाड असतो, तर कुठे मीटरभर. कोरडा असताना बरा वाटतो. पाणी लागलं की भुसभुशीत होऊन सुटतो. छताच्या वर मीटर-दीड मीटरवर बोल असेल, तर खालचा बेसॉल्ट कितीही कठीण असो, तो लादीसारखा लटकलेला असतो. पहारीने ठोकून पाहिलं की टणटण न वाजता बद्द वाजतो. बोल्ट या पट्ट्याच्या पार जाऊन वरच्या पक्क्या खडकात निदान एक मीटर रुतायला हवा. ड्रिल करताना बोल ओळखायला सोपा: रॉड एकदम झपकन आत जातो आणि भोकातून येणारं राखाडी पाणी विटकरी होतं. त्या क्षणी रॉड किती आत गेलाय ते लिहून ठेवायला ड्रिलरला सांगा. छताच्या वर काय आहे याचा यापेक्षा स्वस्त नकाशा मिळत नाही.

माझ्या मते रेझिनचा दावा इथेच ढिला पडतो. ड्रिलच्या पाण्याने बोलचा भाग धुऊन निघतो आणि भोक तिथे फुगतं. रेझिनला भोक आणि सळई यांच्यात फार कमी मोकळी जागा लागते, दोन्ही बाजूंना साधारण ३ ते ५ मि.मी. हिशेब करून पाहा: २८ मि.मी. जाडीची १ मीटर कॅप्सूल ३२ च्या भोकात २५ च्या सळईभोवती जवळजवळ २ मीटर भरते. तेच भोक ३८ चं झालं, की ती मीटरभरही पुरत नाही. त्यातून बऱ्याच साइटवर बिट बदलायचा कंटाळा करून ब्लास्टच्या ४५ मि.मी.च्या बिटनेच बोल्टची भोकं मारतात. मग तर विचारायलाच नको.

रेझिन कमी पडणं हा अर्धाच त्रास. मोठ्या भोकात सळई फिरताना कॅप्सूलचं प्लॅस्टिक नीट फाटत नाही, सळईभोवती मोज्यासारखं गुंडाळलं जातं आणि रेझिन-हार्डनर अर्धवट मिसळतात. कमी फिरवलं तर मिश्रण कच्चं राहतं, जास्त फिरवलं तर घट्ट होऊ लागलेलं रेझिन तुटतं. खालून पाहिलं तर प्लेट घट्ट, नट घट्ट, सगळं झकास. जॅकने बोल्ट ओढून पाहायची पुल टेस्टही पास होते, कारण २५ मि.मी.च्या सळईला तिच्या पूर्ण ताकदीपर्यंत, म्हणजे सुमारे २५ टनांपर्यंत, धरायला मीटरभर चांगली पकडही लागत नाही. बाकीची लांबी पोकळ असली तरी जॅकला पत्ता लागत नाही. त्या पोकळीत पावसाळाभर पाणी बोल्टवर खेळतं आणि गंज नेमका बोलच्या पातळीवर चढतो, जिथे सळईवर सगळ्यात जास्त भार असतो.

सिमेंट ग्राउट या बाबतीत प्रामाणिक आहे. भोकाच्या तोंडाशी बूच मारा, सळईसोबत एक बारीक नळी टोकापर्यंत न्या आणि खालून पंप करा. वरच्या नळीतून हवा, मग पाणी, मग एकसारखं दाट ग्राउट परत आलं की भोक भरलं. ३८ च्या ३ मीटर भोकात २५ ची सळई असेल तर सुमारे २ लिटर ग्राउट जायला हवं. चार लिटर गेलं, तर वर बोल धुपलाय किंवा भेग उघडी आहे हे तिथल्या तिथे कळतं, आणि शेजारचे बोल्ट जवळजवळ घ्यायचे की त्यांची लांबी वाढवायची ते ठरवता येतं. शिवाय सिमेंटच्या अल्कलीमुळे लोखंड गंजापासून वाचतं. खाऱ्या हवेच्या किनाऱ्यालगत हे महत्त्वाचं आहे.

सिमेंटचा त्रास नाही असं नाही. पाणी-सिमेंट प्रमाण ०.३५ ते ०.४०, म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेसतरा ते वीस लिटर पाणी, त्याहून जास्त नको. पंप सहज चालावा म्हणून माणसं पाणी वाढवतात आणि पातळ ग्राउट छतातल्या भोकातून गळून जातं. मिक्सरजवळ मापाची बादलीच ठेवा, अंदाजाने पाणी ओतू देऊ नका. भोकातून पाण्याची धार असेल तर ग्राउट धुऊन जातं. शेजारी निचऱ्याचं भोक मारून धार तिकडे वळवा आणि मगच पंप लावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत गोणी गठ्ठा होते, तर रेझिनला मे महिन्यातला पत्र्याचा कंटेनर मारतो. कॅप्सूल दाबून पाहा, गाठी लागल्या तर फेकून द्या. उरतो तो मुख्य तोटा: सिमेंटचा बोल्ट पहिले काही तास कामाचा नाही. तोवर छत शॉटक्रीटच्या, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटच्या, थरावर राहू शकतं का, याचं उत्तर खडकच देतो.

पोकळ्या खनिजांनी भरून गेलेला अखंड बेसॉल्ट, बोलचा मागमूस नाही आणि ३२ चा बिट साइटवर खरोखर वापरला जातोय, अशा ठिकाणी रेझिन घेतलंत तर मी वाद घालणार नाही. तडकलेल्या पट्ट्यात तर थोड्या फास्ट कॅप्सूल हाताशी असाव्यातच: टोकाला एक कॅप्सूल घालून बोल्ट लगेच आवळा आणि खालची उरलेली लांबी पुढच्या पाळीत ग्राउटने भरा. त्यासाठी नळी आधीच सळईला बांधलेली हवी, नंतर ती आत जात नाही. आणि पेडण्याच्या बोगद्यासारखी मऊ माती लागली, तर दोन्ही बाजूला ठेवा. तिथे बोल्टला धरायला खडकच नसतो, तिथे लोखंडी कमानी आणि पुढे ठोकलेले पाइप हाच विचार करावा लागतो.