पैसे भरून शास्त्रीय ऐकण्याचे आठ महिने : ॲप, डॅक आणि वायरवाला हेडफोन

आधी हिशोब. ॲपची वर्गणी महिन्याला दोनशेच्या आतबाहेर, फोनच्या सी-पोर्टला लावायचा बोटाएवढा डॅक (फोनमधल्या डिजिटल फाइलचा हेडफोनसाठी आवाज करणारं यंत्र) अडीच हजारांना, वायरवाला हेडफोन सहा हजारांना. दिवाळीच्या बोनसातून घेतलं, आता आषाढ चाललाय. कंपन्यांची नावं घेत नाही. मधे एकदा ॲप बदलूनही बघितलं, दुखणं तेच.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग हातोडीनं ठोकायचं आणि नादावरून आत चीर आहे का ओळखायचं, हे अनेक वर्षं केलंय. त्यामुळं कान अगदीच कामातून गेलेला नाही, एवढंच. गाणं शिकलेलो नाही. घरात जाणकार म्हणजे आत्ती, वय अठ्ठ्याहत्तर. देवल क्लब या कोल्हापुरातल्या जुन्या संगीतसंस्थेतल्या बैठकी ऐकत वाढलेली. क्लब १८८३ चा, आणि आत्तीचं बोलणं ऐकलं तर वाटेल ही पहिल्या बैठकीपासून हजर होती.

घ्यायचं कारण साधं होतं. वडिलांच्या कॅसेटी बुरशीनं गेल्या. जुनी तबकड्यांवरची गाणी युट्यूबवर मिळतात, पण ती तीन-साडेतीन मिनिटांची. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीसुद्धा साडेतीन मिनिटांचीच. ज्या जयपूर-अत्रौली गायकीत एक विलंबित (संथ लयीतली) बंदिश पाऊण तास भरायची, तिचा अर्क तेवढ्यात काढलेला. बरं, ज्यांनी ही गायकी कोल्हापुरात आणली त्या अल्लादिया खाँसाहेबांची तर तबकडीच नाही. शाहू महाराजांच्या दरबारातले गवई, आणि आज त्यांचा आवाज कसा होता ते शिष्यांच्या गळ्यावरून ताडायचं. म्हटलं, त्याच परंपरेतले आजचे गाणारे पूर्ण लांबीचे, नीट ध्वनिमुद्रित केलेले ऐकू.

पहिले पंधरा दिवस ब्लूटूथच्या इअरबडवर ऐकलं आणि पैसे पाण्यात गेले असं वाटलं. ॲप भले चोवीस बिट (सीडीच्याही वरचा दर्जा) देऊ दे, ब्लूटूथ ते वाटेत दाबूनच पाठवतं. वायर लावली तेव्हा फरक कळला, आणि तो आवाजाच्या गोडव्यात नव्हता, तबल्यात होता. जयपूर-अत्रौलीचं सगळं चाललेलं असतं लयीशी. आलापसुद्धा मात्रा धरून पुढं सरकतो, तान वळणावळणानं येते आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अशी उतरते की आपण मान हलवायच्या आधीच ती तिथं पोचलेली असते. हे मला वाचून माहीत होतं. तबकड्यांत तबला मागं कुठंतरी टपटपतो, डग्गा जवळजवळ नाहीच. नव्या मुद्रणात त्रितालाच्या सोळा मात्रा बोटावर मोजता येतात, डग्ग्यावर तळवा घासल्याची घीससुद्धा येते. एका रात्री अश्विनी भिडे-देशपांड्यांची एक तान मी सात वेळा मागं नेऊन ऐकली. ती नवव्या मात्रेवरून उठतेय हे सापडायला तेवढा वेळ लागला. आत्तीला ऐकवली. तिनं एकदाच ऐकली आणि म्हणाली, “नवव्या.” पुढं म्हणाली, “आणि काढ ते कानावरनं, मडक्यात डोकं घातल्यागत वाटतंय.”

तेव्हापासून ती स्पीकरवर ऐकते, मी हेडफोनवर.

हा स्वच्छपणा नेहमी गाण्याच्या फायद्याचा असतो असंही नाही. काही मुद्रणांत आवाजावर इतकी घुमारी चढवलेली असते की गायक बाथरूममध्ये बसलाय की देवळात, कळत नाही. काहींत श्वास कापून टाकलेत. दुखतं ते तानपुऱ्याचं. इथून मिरज पन्नासेक किलोमीटरवर, तिथं पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे करणारी घरं आहेत, आणि स्टुडिओतल्या मुद्रणात मागं इलेक्ट्रॉनिक तानपुरा! साध्या इअरफोनवर लक्षात येत नाही. या हेडफोनवर मात्र दर काही सेकंदांनी तीच किणकिण, त्याच जागी, त्याच वजनानं परत येते. एकदा कानाला कळलं की मग सुटका नाही, चीर गेलेल्या कास्टिंगसारखं तेवढंच ऐकू येत राहतं. खऱ्या तानपुऱ्यांच्या जोडीत जव्हारी (घोडीवरून तारेला येणारी झणझण) प्रत्येक वेळी जरा वेगळी बोलते. त्यामुळं मी हल्ली स्टुडिओपेक्षा मैफलीतली मुद्रणं शोधतो. खोकला येतो, कुणीतरी “क्या बात है” म्हणतं, मधेच तबल्यावर हातोडी बसते. चालतं.

आता शोधण्याविषयी, म्हणजे खऱ्या रडगाण्याविषयी. आत्ती म्हणाली, “बिहागडा लाव.” रोमन अक्षरांत या रागाचं नाव तीन तऱ्हांनी लिहितात, तिन्हींना वेगळी गाणी येतात. देवनागरीत टाकलं तर भजनं आली. रागाचं नाव शीर्षकात असलं तर असलं, तालाचं जवळपास कधीच नाही, आणि तबल्यावर-पेटीवर कोण बसलंय हे सांगणं तर कुणाला आवश्यकच वाटत नाही. संगीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’. पाश्चात्त्य शास्त्रीयासाठी रचनाकार, वाद्यवृंद, संचालक, सिंफनीचा कितवा भाग असे सगळे रकाने केलेले आहेत. आपला ख्याल मात्र सिनेमाच्या गाण्याच्या साच्यात कोंबलेला. लंडनच्या दरबार महोत्सवाच्या चित्रफिती फुकट आहेत, त्यांच्याखाली राग आणि साथीदार नीट लिहिलेले असतात. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

वर्षाचं तर विचारूच नका. ‘नवीन’ या सदरात मल्लिकार्जुन मन्सूर. अण्णा १९९२ मध्ये गेले. ॲप अपलोड केल्याचं साल दाखवतं, गायल्याचं नाही. पण ही एक चूक मला मानवली. मन्सूरांनी आधी मंजी खाँ आणि मग भुर्जी खाँ या अल्लादिया खाँसाहेबांच्या दोन मुलांकडे तालीम घेतली. भुर्जी खाँ तर आमच्या कोल्हापुरातलेच. ‘नवीन’ म्हणून मी लावलं आणि आत्ती दोन तास जागची हलली नाही.

सेटिंगमधल्या दोन गोष्टी मात्र ज्यानं-त्यानं पहिल्याच दिवशी बघाव्यात, मला तीन महिने लागले. विलंबित आणि द्रुत (जलद) वेगवेगळे ट्रॅक असतात, आणि मधे सेकंदभर शांतता येते. तानपुरा तोडल्यासारखा थांबतो, पुन्हा सुरू होतो. ‘गॅपलेस’ चालू केलं की हे जातं. दुसरं, आवाज समान करण्याची सोय बंद करायची. ती प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र मोजते, त्यामुळं शांत विलंबित फुगतं आणि जोरकस द्रुत उलट बारीक होऊन येतं. गायकानं तासभर चढवत नेलेलं सगळं त्या एका बटणानं सपाट. आणि हो, ऑटोप्लेही बंद करा. भर पावसात, कौलांवर धो-धो चालू असताना, बिहागड्याच्या द्रुतानंतर आमच्याकडं ‘ध्यानासाठी बासरी, पावसाच्या आवाजासह’ लागलं होतं.

डेटा : सगळ्यात वरच्या दर्जाला तासाला एक जीबीच्या पुढंमागं जातो, म्हणजे रोजचा दीड जीबीचा कोटा एका मैफलीत संपला. सीडीच्या दर्जाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. दोन्हींतला फरक मला डोळे मिटून ओळखता आला नाही, तीनदा परीक्षा दिली. मी सीडीच्या दर्जावर ठेवलंय आणि घरच्या वायफायवर आधी उतरवून घेतो. जुलैत लाईट गेली की वायफायही जातं, तेव्हा उतरवलेलंच उपयोगी पडतं.

वर्षाची वर्गणी भरली नाही, महिन्याची चालू ठेवलीय. डॅक पुन्हा घेईन. हेडफोन घेताना कानाची गादी बदलून मिळते का ते बघा, माझी सहाव्या महिन्यात सोलली.

नवीन काय आलंय हे कळायला ॲपचा उपयोग शून्य. ते मला देवल क्लबात कार्यक्रमाला शेजारी बसणाऱ्यांकडून कळतं, नाहीतर आत्तीच्या मैत्रिणींच्या फोनवरून. बाकी ॲपनं जे लिहायला हवं ते आत्ती लिहिते. दोनशे पानी वही, राग, ताल, विलंबित किती मिनिटं, तबला कोण (ओळखू आला तर), आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एकसष्ट नोंदी झाल्यात. रागांत सावनी नट आहे, बसंती केदार चार जणांचा आहे, एका बऱ्यापैकी नावाजलेल्या गवयापुढं नुसतं ‘घाई’ असं लिहिलंय. खोकर राग मात्र जुनाच मिळतो. गेल्या चार-पाच वर्षांतलं, पूर्ण लांबीचं, खऱ्या तानपुऱ्यावरचं कुणाच्या ऐकण्यात असेल तर कृपया कळवा. वहीत पान सोडून ठेवलंय.